पार्सल कुणाच्या नावाचं

सिडकोतल्या कुरिअर ऑफिसात रांग लांबली होती. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये, हे तनुजाताईंना कळत होतं. पण पुढं उभे असलेले बहीणभाऊ हळू बोलायचं विसरले होते. भावाचे दंड शर्टात मावत नव्हते.

“दादा, स्टेरॉईडची इंजेक्शनं मागवलीस ती मागवलीस, पण माझ्या नावावर का?”

“पोरीच्या नावावर कोण संशय घेतंय, प्रांजली? पार्सलवर प्रोटीन पावडर लिहिलंय.”

“अन् कुणी फोडून बघितलं तर? नाव माझं, नंबर माझा, पत्ता घरचा.”

“पाठवणारा लई भरवशाचा हाय.”

“बघितलंयस त्याला?”

“नाय. मोबाईलवरच बोलणं.”

“माझं आधार कार्डबी मागितलं असंल त्यानं.”

“पाठवलं मी.”

“उद्या तो धरला, तर त्याच्या मोबाईलात कोण सापडंल? पोलीस भरतीत निवड झालीय माझी, दादा. पुढच्या आठवड्यात चारित्र्य पडताळणी हाय.”

“मग घेऊ अन् गपचूप फेकून देऊ.”

“घ्यायला सही माझी लागंल. ती मी करणार नाय.”

“प्रांजली कोण?” खिडकीतून आवाज आला.

“मी. पण हे पार्सल मी मागवलेलं नाय. घेणार नाय, तसं लिहून देते.”

“मग मागवलं कुणी?”

प्रांजलीनं भावाकडं पाहिलंसुद्धा नाही.

“मी मागवलं,” तो म्हणाला. “रामप्रसाद नाव माझं. कागद द्या, मीच लिहितो.”

प्रांजलीनं पर्समधलं पेन काढून त्याला दिलं. तनुजाताई एक पाऊल मागं सरकल्या. त्याला लिहायला जागा हवी होती.