जावयाचा साप आणि वरचे मास्तर

मला सगळे टेलरकाकू म्हणतात. वय ६२ वर्षे, धंदा घरगुती शिवणकाम, राहणार लाँड्रीमागील इमारत, तळमजला.

समक्ष हजर राहून सांगते की, माझे जावई कामानिमित्त परगावी गेले असून त्यांचा पाळीव, बिनविषारी साप काचेच्या पेटीसह माझ्या शिवणाच्या खोलीत आहे. आठवड्यातून एक उंदीर, तोही फ्रीजरमधला, कोमट पाण्यात मऊ केलेला. आणि पेटीची एक बाजू बत्तीस अंश गरम, दुसरी थंड, असे ते मला बजावून गेले. तेव्हापासून मी फ्रीज डोळे मिटून उघडते.

पेटीशेजारी माझे इस्त्रीचे टेबल आहे. तिथे मलाच घामाच्या धारा लागतात, मग त्या मुक्या जिवाचे काय होत असेल, म्हणून मी पेटीखालची विजेवर तापणारी गादी बंद केली. पुढे त्याने उंदराला तोंड लावणे सोडले. मला वाटले, जावयाचेच वळण, ताटावर बसून नखरे.

वरच्या मजल्यावर पोहणे शिकवणारे निवृत्त मास्तर राहतात. ते जाता-येता खिडकीशी थांबून म्हणत, "काकू, गारठ्यात साप जेवत नाही. गादी लावा, नाहीतर मीच त्याला उचलून नेईन." मी म्हणे, "तुम्ही तुमचं पाणी बघा."

आज सकाळी पेटीचे झाकण सरकलेले आणि पेटी रिकामी दिसली. जावयाला काय तोंड दाखवू, या धास्तीने मी मास्तरांवर चोरीची तक्रार दिली. त्यांना इथे चौकीत बोलावून बाकावर बसवले.

घरी जाऊन मी इस्त्री तापत ठेवली. टेबलावरची घोंगडी सारखी करायला गेले, तर साप तिच्या घडीत वेटोळे घालून बसलेला. आधी इस्त्री फिरवली असती तर, हे मनातही आणवत नाही. मी रडले, असे लिहून घ्यावे. त्याला पेटीत ठेवले, झाकणावर कापडाचा गठ्ठा ठेवला, इस्त्री बंद केली आणि धावत आले. हवालदारसाहेब म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा." खरे आहे.

मास्तरांनी काहीही चोरलेले नाही. तक्रार मागे घेते. मी हात जोडून माफी मागितली, तर ते एवढेच म्हणाले, "गादी लावून आलात ना?"

लावली नव्हती.

जबाब मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच उतरवला आहे. सहीपुरती मी थांबले आहे. मास्तर माझ्या घराची किल्ली घेऊन पुढे गेले आहेत.