मागच्या डेकवरची बिडी

ऐका, पण मध्येच खोकायचं नाही. सोनू, तुलाच सांगतोय!

आपल्या गाबीतवाड्यातला भिवा कुबल. लढाईत नौदलाच्या मालवाहू जहाजावर खलाशी होता. जहाजाच्या पोटात दारूगोळा, मागेपुढे आणखी जहाजं, पाण्याखाली शत्रूच्या पाणबुड्या. हुकूम कडक. रात्री काडीसुद्धा ओढायची नाही. दर्यावर काडी कुठच्या कुठून दिसते, बरं का! आणि कोणी पाण्यात पडला तरी जहाज थांबायचं नाही. ही गोष्ट घडली त्याच्या तीन दिवस आधी भिवाचा सोबती बाबल पडला होता. जहाज थांबलं नाही. भिवाला ते फार लागलं होतं.

काळोख पडला तसा भिवा मागच्या डेकवर पहाऱ्याला निघाला. एकटाच. जातो तर काय, पाठीमागून आवाज, "बिडी असा रे?"

वळून बघतो, कोणी नाही! आता आपल्याकडे आडवाटेला भुताने अशी बिडी मागितली तर काय करतात? नाही म्हणत नाहीत. बिडी ठेवायची नि मुकाट पुढे व्हायचं. भिवाने तेच केलं. अरे, पण जहाज म्हणजे काय आपली घाटातली वाट, की पुढे निघून जाता येईल?

"पेटवून दी."

"पेटवूक हुकूम नाय."

"भिव्या, मी बाबल. थंडीन मरतंय रे. माका टाकून गेलास!"

भिवाला रडूच फुटलं. खिशातून काडेपेटी काढली. पहिली काडी दमट. दुसरी मोडली. तिसरी फर्रकन पेटली! तसा आवाज म्हणतो, "वर धर. आणखी वर. दिसूंदे."

दिसूंदे? कोणाला? पाणबुडीला! खाली साठ माणसं झोपलेली. त्याने जळती काडी मुठीत चुरडली, काडेपेटी दर्यात भिरकावली. कठड्यापलीकडे कोणीतरी हसलं. बाबलचं हसणं नव्हतं ते. हसत हसत पाण्यावरून मागच्या जहाजाकडे गेलं.

थोड्या वेळाने त्या जहाजावर उजेडाचा ठिपका दिसला. भिवा घसा फाटेस्तोवर ओरडला, "विझव! अरे विझव!" एवढ्या लांब कुठे ऐकू जातंय? ठिपका वर गेला. आणखी वर. मग मोठा भडका.

सकाळी ताफ्यात एक जहाज कमी.

म्हणून सांगतो, जहाजावर नोकरीला गेलात तर काळोखात एकट्याने त्या मागच्या डेकची वाट धरू नका. भिवा तर मरेपर्यंत म्हणायचा, त्या बुडालेल्या जहाजावर नक्की आपल्याच गावाकडचा कोणी होता. आपल्याखेरीज भुताला बिडी देतो कोण?