मुंदिन तिंगळ

हुबळीत केशवापुरात पेढ्यांच्या दुकानापुढे रांग लागली होती. गिरिजाक्कांच्या पुढचं परगावचं जोडपं केव्हाचं वाद घालत होतं.

“गाडीचं ऑइल सांगलीतच बदलून निघायला हवं होतं.”

“आता ते काढू नका. लेकीला शिरसीत मुलगी झालीय, संध्याकाळच्या आत पोचायचंय. तीन गॅरेजं पालथी घातलीत, एक काय ते ठरवा.”

“कसं ठरवू? पहिला म्हणाला, आत्ताच बदला, नाहीतर जंगलात गाडी बंद पडेल. दुसरा म्हणाला, नुसत्या ऑइलनं भागणार नाही, गाडी उद्यापर्यंत ठेवा.”

“आणि गोकुळ रोडवरचे ते म्हातारे मेस्त्री?”

“त्याचं नाव काढू नकोस! ऑइल बोटाला लावून बघितलं आणि माझीच टिंगल करायला लागला.”

“ते तर हसलेसुद्धा नाहीत.”

“अगं, दोनदा म्हणाला. मुंदिन टिंगल, मुंदिन टिंगल! वर बेडरी, बेडरी म्हणत हात हलवला. वेडा म्हणाला मला!”

गिरिजाक्कांना राहवेना.

“अण्णा, मध्येच बोलते हं. ते तिंगळ म्हणाले असतील. तिंगळ म्हणजे महिना. पुढच्या महिन्यात बदला म्हणाले ते.”

“आणि बेडरी?”

“आता नको.”

“नको? दारात आलेलं काम?”

रांग दोन पावलं सरकली.

“चला, त्यांच्याकडेच जाऊ,” बायको म्हणाली.

“अगं, पण तो नको म्हणतोय ना?”

“म्हणूनच. परत एकदा बघायला सांगू.”

“आणि परत नको म्हणाला तर?”

“तर सरळ नातीकडे.”