वरच्या जागेचं भाडं

— नाही, ते कळलं मला, तू तिसऱ्यांदा सांगतेस. एका फोनात टाकलं की दुसऱ्यात आपोआप दिसतं, फोन फुटला तरी वर शाबूत राहतं, आणि त्या वरच्या जागेचं दर महिन्याला भाडं. म्हातारा आहे पोरी, बहिरा नाही. मी विचारतो तेवढं सांग — फुकटाची मुदत आज संपते, आज नाही भरलं तर काय? — हां. म्हणजे उद्या सगळं पुसणार. माझ्याही फोनातून, लेकीच्याही. तुम्ही मोबाइलच्या दुकानवाले हवेत ठेवायचं भाडं घेता आणि वर दमदाटी! माझ्या वर्कशॉपच्या जागेच्या मालकानं असं केलं असतं तर त्याचं तोंड फोडलं असतं मी.

हौस म्हणून नाही घेतलं हे. लेकीचे दोन फोन तिच्या नवऱ्यानं फरशीवर आपटले. तिसरा घेतला तेव्हा तिनं ही सोय केली — ती काढणार तो फोटो, तो वर जाणार आणि माझ्या फोनात उतरणार. बघ, उघड. उघड की, घाबरतेस काय? हा डोळा. ही पाठ, पट्ट्याचं बक्कल उमटलंय बघ. अकरा महिन्यांचे फोटो आहेत. आणि दरवेळी डॉक्टरला काय सांगायची? पडले. जिन्यावरून पडले, न्हाणीघरात पडले. कुठून शिकली? — आईकडून शिकली, दुसरं कुठून! आमचं घर बैठं, एका खोलीचं, उंबरासुद्धा झिजून सपाट झालेला, आणि हिची आई शेजारणींना सांगायची, पायरीवरून पडले. त्याही म्हणायच्या, जपून चालत जा गं. — कुणी पाडलं म्हणजे? काय विचारतेस? घरात पुरुष एकच होता. — जाऊ दे ते. ती गेली. तिचा असा एक फोटो नाही कुठं. तेव्हा ही तुमची वरची जागा असती तर मी कधीच आत गेलो असतो.

मुद्द्याचं ऐक. नुसत्या फोटोंनी भागत नाही. वकीलबाई म्हणाली, तो म्हणेल ही पडलीच, डॉक्टरच्या कागदावरही तेच लिहिलंय. नात सहा वर्षांची, ती त्याच्या आईकडे अडकवून ठेवलीय. त्याच्या तोंडून वदवून घ्या, बाई म्हणाली, तर पोरगी मिळेल. मग लेकीनं मला शिकवलं — बाबा, तो आला की हे लाल टिंब दाबायचं, व्हिडिओ सुरू होतो. आला. भरदुपारी वर्कशॉपमध्ये आला, मी एकटाच होतो. मी ट्रकच्या खालचे पाटे ठोकतो, चाळीस वर्षं झाली — तापवायचे, वाक द्यायचा. पाण्याच्या कॅनला फोन टेकवून उभा केला, टिंब दाबलं. तो बोलला. भडाभडा बोलला! हो मारलं, माझी बायको आहे, पुढच्या वेळी मान मोडीन, पोरगी तर दिसणारसुद्धा नाही तुम्हाला. झालं होतं काम. तिथंच टिंब दाबून बंद करायचं होतं मला.

विसरलो. — विसरलो म्हणजे, हातात घण होता.

आमच्यात रीत आहे. उस्ताद छोट्या हातोडीनं टिचकी मारून जागा दाखवतो, मग घणवाला बरोब्बर तिथंच घण घालतो. त्या दिवशी दोघंही मीच. आधी घणाच्या दांड्यानं त्याला आडवा केला. मग गुडघ्यावर हातोडीची टिचकी मारली, हळूच — त्याला कळावं कुठं बसणार ते. मग घण. मग कोपराला टिचकी, ज्या हातानं मारायचा त्याच्या. तापलेला पाटा दबतो पोरी, हाड दबत नाही, फुटतं आणि बाहेर येतं. तो पाया पडत होता, आणि मी तिसरी जागा शोधत होतो. डोक्यावर टिचकी मारली होती. मारली होती मी. घण उचललेला होता. — खाली का ठेवला ते मला माहीत नाही. — सगळं आहे त्याच्यात, आवाजासकट. आणि मी घामेजलेला हात पुसायच्या आत ते वर गेलं, लेकीच्या फोनात उतरलं. काय वेगानं जातं गं तुमचं!

मागं कशाला सरकतेस? तुला काय करणार आहे मी?

नाही, पुढचं कापायचं नाही. वकीलबाईला विचारलंय मी. कापलेलं कोर्टात चालत नाही, त्याचा वकील पहिला प्रश्न विचारेल, पुढचं कुठंय. आणि तो? तो हॉस्पिटलात सांगतोय, मोटारसायकलवरून पडलो! माझं नाव घेतलं तर का मारलं तेही निघेल ना. म्हणजे आज मी गप्प घरी गेलो तर उद्या काहीच नाही उरत. तो पडला, ही पडली, हिची आई पडली — सगळे आपापले पडले.

लेक काय म्हणाली सांगू? सकाळी माझा हात धरून म्हणाली, बाबा, भरू नका, जाऊ दे पुसून. या वयात तुम्ही आत नको. मी सांगेन कोर्टात, मी पडले होते. पोरीला भेटू तर देतील. — कानाखाली मारायला हात उठला होता माझा. तिच्यावर! आज सकाळी! हा हात! मग सरळ तुझ्याकडे चालत आलो.

दर महिन्याचं नको. वर्षाचंही नको. सगळ्यात लांबचं कुठलं आहे — तीन वर्षांचं? ते कर. आत गेल्यावर महिन्याच्या महिन्याला कोण येणार तुझ्याकडे भरायला? आणि लेकीच्या नावावर कर, माझ्या नको. — घे, नीट बघून घे नोटा. झालं? वर आहे ना सगळं? नक्की?

मग आता तोंड मिट, आणि माझ्या मागं उभ्या माणसाला काय हवं ते विचार.