दोर आगांनीच कापावा

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या संस्कृतीभवनाच्या संचालिका आदरणीय मारियम ओराझोव्हना, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे तोक्तार-आगा, त्यांना न्यायला समुद्राकाठच्या अक्तावहून आलेली त्यांची लेक साउले, आणि कारागांद्यातल्या माझ्या तमाम गिटारवाल्या, ढोलवाल्या बंधुभगिनींनो,

मला चार शब्द बोलायला सांगितलंय. ही कुल्याश चार शब्दांत आटपणारी नव्हे, हे सांगणाऱ्यांनाही ठाऊक होतं. मागे जेवणातलं बेशबर्माक गार होतंय, त्याचा वास मलाही येतोय. तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

आगा या भवनात ध्वनिव्यवस्था पाहायचे, हे झालं कागदावरचं. खरं म्हणजे जिन्याखालच्या खोलीत बसून ते आमची डिस्टॉर्शन पेडलं सुधारायचे. पायाने दाबायचा तो लोखंडी डबा. दाबला की गिटारने वाघासारखं गुरगुरायला हवं. माझ्या स्वस्तातल्या डब्याने मात्र गिटारला सर्दी व्हायची. लग्नात ढोल सुरू झाला की वऱ्हाडी विचारायचे, "ती गिटारवाली घरी गेली का हो?" आणि मी तिथेच उभी, बोटं सोलवटून घेत!

शेवटी डबा घेऊन आगांकडे गेले. त्यांनी झाकण उघडलं, चष्मा कपाळावर ढकलला.

"हे दोन डायोड दिसतात का? हे पहारेकरी. आवाज वर उसळला की एक त्याचं डोकं दाबतो, खाली गेला की दुसरा. त्यातून गुरगुर येते खरी, पण जोर जातो."

"मग उपटून टाका ना दोघांना!"

"अगं बाई, दोन्ही काढलेस तर गुरगुरच जाईल, नुसता ठणाणा उरेल. एकाचाच पाय सोडवायचा."

आणि मग त्यांनी काय केलं? त्या डायोडच्या केसाएवढ्या तारेला काळा-पांढरा दोरा बांधला. हो, तोच! पोर पहिलं पाऊल टाकायला लागलं की आपण त्याच्या पायांना बांधून कापतो ना, तसाच. म्हणाले, "कोणाच्या हातून कापायचा ते ठरव. कापणाऱ्याची चाल लागते, पोराला काय आणि पेडलला काय."

मी निवडला आमच्या बँडमधला दामीर. गावात त्याच्याइतकी चपळ बोटं कुणाची? त्याने ऐटीत कटर चालवलं आणि भलतीच तार कापली. डबा ठार मुका! बँडमधले म्हणाले, पेडलला दामीरचीच चाल लागली, मंचावर ऐन वेळेला गप्प. हसू नकोस दामीर, सगळ्यांना आठवतंय.

आगांनी तार पुन्हा जोडली, नवा दोरा बांधला. मी म्हटलं, आता तुम्हीच कापा. त्यांनी कापला. मी एक तार छेडली आणि खोलीतले पेले थरथरले. आवाज मोठा तर झालाच, पण मोकळा झाला. इतकी वर्षं गळा दाबून धरलेलं कुणी पहिल्यांदा बोलावं, तसा. मी रडले. हो, रडले! लाज कसली त्यात?

आगा म्हणाले, "दोन्ही बाजू सारख्या दाबल्या की आवाज कवायत करतो. एक सोडली की त्याची लाट जरा लंगडते. लंगडली की माणसासारखी वाटते बघ."

हे वाक्य ध्यानात ठेवा, मंडळी. आगा, तुम्ही तर ठेवाच.

परवा मी आगांच्या घरी गेले होते. साउले चहा ओतत होती. तिची पोर इंजू भिंतीला धरून दोन पावलं टाकते आणि बसकण मारते. अजून तिचा दोर कापलेला नाही. का? तर आजोबांसाठी थांबलेत.

"बाबा, इंजूचा दोर तुम्हीच कापायचा."

"खुळी आहेस का? हा पाय बघ माझा." मंचावर शिडीवरून पडून अधू झालेला तो पाय, आपण सगळे ओळखतो. "पोर माझी चाल उचलेल. कुणी धडधाकट माणूस बघ."

"मला दुसरं कुणी नकोय."

"मग मी येतच नाही अक्तावला. आलो की तू पुन्हा हेच काढशील."

साउले नुसती ओतत राहिली आणि पियाला काठोकाठ भरला. आता, भरलेला पियाला आपण कुणाला देतो? ज्याने उठून जावं असं वाटतं, त्याला. तिचं लक्षच नव्हतं हो. पण आगांनी तो पियाला पाहिला, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. साउलेने तो हिसकावून घेतला, अर्धा ओतून टाकला आणि बापाच्या गळ्यात पडली. मी निमूट चपला शोधायला गेले. तिथेही मीच रडत होते, ते सोडा.

अक्तावला जायचं तर ठरलं, दोराचं मात्र अडूनच आहे. आगा, एक विचारू? लंगडी लाट आम्हाला गोड म्हणून विकलीत, आणि स्वतःच्या नातीला सरळ पायाचा परका माणूस देणार? या सभागृहात तुमच्या हातून दोर कापलेली पेडलं किती असतील! आमच्या साऱ्यांच्या आवाजाला तुमचीच चाल आहे. अहो, अख्खा कारागांदा त्याच चालीवर नाचतो!

मारियम ओराझोव्हनांची परवानगी मी आधीच घेतली आहे. पहिल्या रांगेत बघा. इंजूच्या पायांना काळा-पांढरा दोर आम्ही बांधून ठेवलाय. कात्री मुद्दाम आणली नाही. तुमचं कटर कोटाच्या डाव्या खिशात असतं, हे लपून का राहिलंय?

आपण सर्वांनी मला ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. इंजू आपटली तर तो दोष माझ्या भाषणाचा. आणि लंगडत चालली, तर खबरदार कुणी तिला सरळ करायला गेलात!

या, आगा. सावकाश या. ती तुमच्याकडेच बघतेय.