सॅबथ मोठी की मेडन

…छापून देतो की, मेडन बँडचा टी-शर्टबी छापून देतो — पण दादा, तुम्ही त्यांच्या आधीची सॅबथ ऐकली का कधी? न्हाई ना? मंग आजा माहीत न्हाई अन् नातवाचा फोटो छातीवर! बसा, जयंतीच्या मंडळाची ऑर्डर चालू हाय, तुमचा नंबर यायला वेळ लागंल. हे बघा, ब्लॅक सॅबथचा गिटारवाला कारखान्यात कामाला होता. मशीनमधी दोन बोटांची टोकं गेली. दुसरा असता तर गिटार विकून मोकळा झाला असता — ह्यानं काय केलं? प्लास्टिक वितळवून बोटाला टोपणं केली, तारा ढिल्या केल्या, अन् त्यातून जो जड आवाज निघाला तेच हेवी मेटल! माझा बाप इथं गिरणीत होता, त्याचंबी एक बोट अर्धंच, म्हणून मला ते लोक घरचे वाटतात. मेटालिका घ्या, कोणाला बी घ्या, सगळे त्या तुटक्या बोटांची लेकरं.

शिवकुमारला हे मी तीस वर्षं सांगून राहिलो होतो. माझा दोस्त — लातूरचा, गंजगोलाईत हार्डवेअरचं दुकान. पॉलिटेक्निकला नांदेडात एका खोलीत राहिलो, एकाच टेपवर भांडलो. तो पक्का मेडनवाला. म्हणायचा, "विन्या, तुझी सॅबथ पाया असंल, पण पायाच्या खड्ड्यात कोणी राहतं का? घर मेडननं बांधलं." दोन गिटारी जोडीनं गातात, बास घोड्यावानी दौडती, एका गाण्यात अख्खी लढाई उभी करतात — खरं होतं त्याचं. मी कबूल केलं? बिलकुल न्हाई! तोबी एक इंच हलला न्हाई. शिवकुमार लिंगायत, त्यांच्यात माणूस गेला की बसवून माती देतात, तर हा म्हणायचा, "माझं बरं हाय, खाली बी गाण्यावर मान हलवता येईल." असला माणूस.

दिवाळीत मोबाइलच्या ग्रुपवर जुंपली. अकरा जणांचा ग्रुप, सगळे वाचून राहिलेले. मी लिहिलं — तू गल्ल्यावर बसणाऱ्याचा पोरगा, तुला कारखान्याचा घाम काय कळणार? त्याच्या बापापर्यंत गेलो, दादा. वाईट बोललो. बोलणं बंद झालं. मंग फेब्रुवारीत त्याचाच फोन आला, दुपारी. मी कापला. कापला अन् लिहिलं — आधी सॅबथ मोठी म्हण, मंग फोन कर. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "सॅबथ मोठी. मान्य. आता तूच फोन कर."

काय केलं असंल मी? फोन केला? न्हाई! त्या मेसेजचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, शेजारच्या दुकानांत पेढे वाटले. म्हणलं, तीस वर्षं मला ताटकळत ठेवलं, आता ह्यानं दोन दिवस वाट बघावी. तिसऱ्या दिवशी मी लावला, तर सुकन्यावहिनींनी उचलला. आदल्या दिवशी माती झाली होती. हृदयाचं ऑपरेशन होतं — त्याच्या आधी एकदा विन्याशी बोलू द्या, म्हणून राहिला होता म्हणं. तीस वर्षं न हललेला माणूस एका रात्रीत मान्य म्हणतो, अन् मला शंका येऊ नये? इतका कसा मी बेअक्कल? तो हरला न्हाई, दादा. त्याला वाद नकोच होता, मी पाहिजे होतो. अन् मी पेढे वाटले.

आता कोणी विचारलं, कोण मोठं, तर मी मेडन म्हणतो. खरंच म्हणतो. मागल्या हप्त्यात त्याच्याच नंबरवर लिहिलं — अरे शिव्या, मेडन मोठी, मान्य. नंबर अजून चालू हाय, फोन वहिनींजवळ असतो. त्यांचं लगेच उत्तर आलं — "भाऊजी, मेडन म्हणजे कोण हो? ऑपरेशनला नेताना हे तेच नाव घेत होते."

…न्हाई, काही न्हाई झालं मला. जा तुम्ही. उद्या या.