एक मोसम आधी

...आणि त्यात पंखा बंद! तुम्हाला सांगतो, बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि मी घरात लोकरीचा कोट चढवून, गळ्याला मफलर गुंडाळून, भोपळ्याचं गरमागरम सूप पितोय. पितोय कसला, चमचा ओठांपाशी नेऊन नुसता थांबलोय. गिळायचं नाही. गिळलं की चेहरा बिघडतो म्हणे. पंखा लावावा तर सुपाची वाफ पळते, खिडकी उघडावी तर पडदा हलतो, घाम पुसावा तर हात फोटोत येतो. मग त्या घामाने जायचं कुठे? तो आपला नाकाच्या शेंड्यावरून सुपात! आणि आमची ही स्टुलावर चढून, एक डोळा मिटून, कॅमेऱ्यामागून मला सांगते, "अहो, जरा थंडी वाजल्यासारखं करा ना."

थंडी वाजल्यासारखं! मला त्या वेळी काय काय वाजवावंसं वाटत होतं ते मी इथे सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, बाईला वेड लागलंय. नाही हो. वेड परवडलं असतं, वेडावर निदान औषध असतं. हिचं मासिकात पान आहे. दर महिन्याला एक पान. मोसमी स्वयंपाक, प्रवासातलं खाणं आणि बाजारात शोधून काढलेले कपडे, सगळं त्या एका पानात कोंबलेलं, आणि पानाचं नाव काय, तर 'रोजचं जगणं'. रोजचं म्हणे! आता मासिक म्हटलं की छपाई आली, छपाई म्हटलं की घाई आली, म्हणून यांना सगळं एक मोसम आधी लागतं. थंडीचं पान उन्हाळ्यात हवं आणि उन्हाळ्याचं थंडीत. वाचणारे मजेत, त्यांना जे ते ज्या त्या वेळेला घरपोच. पण ते पान आधी कुणीतरी जगून दाखवायला नको का? ते जगतो आम्ही. म्हणजे मी. सगळं जग एका मोसमात आणि आमचं घर पुढच्या.

बरं, उन्हाळ्यात माणसाला लागतं काय? मला तर फारसं काही लागत नाही. एक गार कलिंगडाची फोड. कोपऱ्यावर ढीग लागलेत, फळवाला एकेक कलिंगड थापटून आवाज ऐकवतोय, येणारे-जाणारे काखेत मारून नेतायत, माझा जीव नुसता तिथे घुटमळतोय. घरी येऊन म्हटलं, अगं, कलिंगड आणू का गं एखादं? ही भोपळा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कलिंगड? झालं आपलं."

झालं आपलं! आणि झालं होतं, मी खोटं कशाला बोलू? ऐन थंडीत झालं होतं. कुठून पैदा केलं होतं देव जाणे, आतून पांढरं, चवीला पाणी. ते बर्फावर मांडलं, आणि मला बिनबाह्यांचा शर्ट घालून भल्या सकाळी गच्चीत बसवलं. दात असे वाजतायत, असे वाजतायत... पण फोटोत ते हसल्यासारखं दिसलं! वाचक बायकांची पत्रं आली, 'तुमचे मिस्टर किती आनंदी असतात.'

आमच्या समोरच्या घरात एक डॉक्टर राहतात. त्यांची खिडकी आमच्या खिडकीला समोरासमोर. उन्हाळ्यात मी मफलरमध्ये दिसलो तेव्हा बिचारे थर्मामीटर घेऊन धावत आले. थंडीत मी गच्चीत उघड्या दंडांनी बर्फाशेजारी दिसलो तेव्हाही धावत आले, पण या वेळी थर्मामीटर नाही आणला, हिला बाजूला घेऊन हळूच विचारलं की घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. तेव्हापासून येत नाहीत. पडदा लावून घेतात.

आणि तो कोट! आमची ही जुन्या कपड्यांच्या बाजारात जाते, आणि येऊन विकत घेतला असं कधी म्हणत नाही हं, सापडला म्हणते. जणू तो कोट घरून रागावून निघून गेला होता. मोहरीच्या रंगाचा, लाकडी बटणांचा, खांद्यात माझ्यासारखे दीड मावतील एवढा. मी आरशासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, अगं, मला केवढा मोठा होतोय हा! तर मला दंडाला धरून टेबलापाशी नेलं, लांब जाऊन डोळे बारीक केले आणि म्हणाली, "तुमचं राहू द्या. भोपळ्याला बघा कसा शोभतो."

संसाराला पंचवीस वर्षं होत आली, आणि माझ्या अंगावरचा कोट भोपळ्याला शोभतो.

प्रवासाचं तर विचारूच नका. लोक समुद्रावर केव्हा जातात? आम्ही गेलो थंडीत. अख्ख्या किनाऱ्यावर आम्ही दोघं आणि एक कुत्रं, ते कुत्रंही आडोशाला. हॉटेलवाल्याने खुर्च्या दोरीने बांधून ठेवल्या होत्या, त्या हिने सोडायला लावल्या. मला डोक्यावर गवती टोपी, पायात सँडल, हातात आइस्क्रीम. टोपी उडू नये म्हणून हिने आतून पिना लावल्या, त्या टाळूला टोचतायत. वेटर आइस्क्रीम ठेवून गेला, परत आला, माझ्याकडे बघत उभा राहिला आणि खाली वाकून म्हणाला, "साहेब, पैज हरलात का?" मी त्याला काय सांगणार? म्हटलं, हो बाबा, फार वर्षांपूर्वी.

हसा, हसा. तुमचं जातं काय. माझं ऑफिसात काय झालं ते ऐका. मी पार्सल ऑफिसात असतो. रोज सकाळी तारखेचा शिक्का फिरवून आजची तारीख लावायची, ही माझी जबाबदारी. आजवर कधी चूक नाही. पण घरात महिनाभर थंडी, थंडी, थंडी, उशांना लोकरीचे अभ्रे, चहात सुंठ, नाश्त्याला सूप... माणसाच्या डोक्याने तरी किती तग धरावा? भर उन्हाळ्यात मी शिक्क्यावर थंडीचा महिना लावला आणि दिवसभर ठोकत बसलो. ठप्प, ठप्प, ठप्प. संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. साहेब आमचे हळू बोलणारे, त्यामुळे जास्त लागतं. एक पार्सल हातात घेऊन, ते न्यायला आलेल्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे अजून यायचंय. सात महिने आहेत. तोवर या गृहस्थांनी काउंटरवरच उभं राहायचं का?" आणि माझ्या तोंडून काय जावं? मी म्हटलं, साहेब, थंडीत जरा उशीर होतोच. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, आणि मला चार दिवस घरी आराम करायला सांगितलं. घरी! जिथे थंडी होती तिथेच!

तुम्ही म्हणाल, मग बोलत का नाही बायकोला? काय बोलू? ती आधी शाळेत शिवण शिकवायची, शाळेने शिवणाचा तास बंद केला, आणि ही घरात नुसती बसून राहायला लागली. शिवणयंत्रावर कापड घालून ठेवलं ते काढलंच नाही. मग हे पान मिळालं. आता सकाळी उठल्यापासून गुणगुणत असते. बाजारात बायका ओळखतात. संपादकीणबाईंचा फोन आला की चेहऱ्यावर असं तेज येतं, की मी आपला निमूट मफलर शोधायला लागतो. मला तिचं पान नको आहे असं नाही हो. मला एवढंच वाटतं की तिने एकदा समोर बसावं. बस. पान सुरू झाल्यापासून ही माझ्यासमोर जेवायला बसलेली नाही. मी टेबलाशी, ही स्टुलावर. मी चमचा धरून, ही एक डोळा मिटून. फोटो झाला की मी गार झालेलं खातो आणि ही ओट्याशी उभ्या उभ्या पातेलं निपटते. कलिंगड गेलं खड्ड्यात. मला समोर ही हवी आहे, दोन्ही डोळे उघडे असलेली.

तर उन्हाळ्यात एक दिवस संपादकीणबाईंचा फोन. त्यांचा आवाज साखरेत घोळवलेला, "अगंऽ, तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत ना थंडीत? मग दोघांचं जेवण करू या नाऽ पानात." झालं! पुन्हा पंखा बंद, पुन्हा कोट. टेबलावर दोन ताटं, दोन पेले, मधोमध मेणबत्ती. मेणबत्तीची काय अवस्था, न पेटवताच कमरेत वाकली. दोन खुर्च्या! मी म्हटलं, चला, आज तरी बसणार. तर कॅमेरा कुणी धरायचा? समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हिने आपली शाल पसरली, मरून रंगाची, अशीच कुठेतरी सापडलेली. पाठमोरी बाई बसल्यासारखं वाटतं म्हणे. आणि मला सांगते, "तिच्याकडे प्रेमाने बघा."

बघितलं. शालीकडे प्रेमाने बघितलं. तेवढीही सवय होते माणसाला.

फोटो झाला, ही स्टुलावरून उतरली, आणि मी धीर करून म्हटलं, अगं, दोन ताटं वाढलीच आहेत तर बस ना, जेवू. तर कपाळावरची बट मागे सारून माझ्याकडे बघितलं, खरंच माझ्याकडे बघितलं हो, आणि म्हणाली, "आता सगळं गार झालंय. खऱ्या दिवशी बसू. त्या दिवशी मी कॅमेरा कपाटात ठेवीन. नक्की."

त्या 'नक्की'वर मी उरलेला उन्हाळा काढला, पावसाळा काढला. मध्ये पावसाळ्यात आमच्याकडे कसला मोसम होता ते आता आठवतही नाही, पण मी चमचा धरून मुकाट बसायचो. म्हटलं, तो दिवस येतोय.

आणि आला. ऐन थंडी. बाहेर खरी थंडी, बोलताना तोंडातून वाफ निघतेय. मी साहेबांकडून लवकर सुटका करून घेतली, फुलं घेतली, मोसमातली, ताजी. आणि कुणी न सांगता तो कोट घातला. त्या कोटाला आयुष्यात पहिल्यांदा थंडी मिळाली. खांद्यात मोठा होता, पण रस्त्यात मला तो बरा वाटला. मनात म्हटलं, आज घर आणि जग एका तारखेला आहेत.

दार उघडलं. पंखा भरधाव. खिडक्या सताड उघड्या. टेबलावर पांढरं कापड, त्यावर कलिंगड कापून ठेवलेलं. एक खुर्ची. एक पेला. एक ताट.

स्टुलावर ही.

बाजूला नव्या अंकाची प्रत पडलेली, त्यात मी आणि शाल, पंचवीस वर्षांचे. दिवसभर म्हणे वाचकांचे अभिनंदनाचे फोन येत होते. मी फुलं पुढे केली आणि म्हटलं, अगं, आज ना... हिने दुसरा डोळा उघडला. क्षणभर काही उमगलंच नाही तिला. मग कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, "अहो, ते झालं आपलं!"

मला वाईट वाटलं. उगीच कशाला लपवू, फार वाईट वाटलं. तिलाही वाटलं असावं, कारण ती स्टुलावरून उतरली, फुलं हातात घेतली, वासही घेतला. मग म्हणाली, ही थंडीची आहेत हो, पानात चालायची नाहीत, आणि आत बादलीत ठेवून आली. मी विचारलं, एकच ताट का गं? तर म्हणाली, पुढच्या उन्हाळ्याचं पान आहे, बाईंनी विषयच असा दिलाय, एकटीचं जेवण. 'एकट्या राहणाऱ्या बाईने उन्हाळ्यात काय खावं, काय ल्यावं.' मी म्हटलं, आणि मी? मी कुठे बसू? तर ही पुन्हा स्टुलावर चढली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडते ताटावर."

झालो बाजूला. ओट्याशी उभ्या उभ्या पाव खाल्ला. आणि खाता खाता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्हीच बघा ना... कलिंगड आमच्याकडे आधी झालं, मग जगात आलं. भोपळा आमच्याकडे आधी, मग बाजारात. पंचवीस वर्षं आमच्याकडे आधी झाली, मग खरोखर भरली. आमच्याकडचं एकही पान आजवर चुकलेलं नाही हो! आणि आता उन्हाळ्याच्या पानात टेबलावर एक ताट आहे.

पाव तसाच टाकला आणि समोर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पडदा बाजूला करून मला पाहिलं. थंडीत कोट घातलेला पाहून त्यांना फार बरं वाटलं असावं, लगेच दार उघडलं. तपासलं, छातीला नळी लावली, जीभ बघितली, पाठीवर थाप मारून म्हणाले, "अहो, ठणठणीत आहात. काही होत नाही तुम्हाला."

मी कोटाची बटणं लावत म्हटलं, "डॉक्टर, तुमच्याकडे अजून थंडी आहे. आमच्याकडे उन्हाळा लागला."